म्हातारीला कितीला पडलं?

"थांब! थांबव म्हणतो ना!"

सायखेड्याकडच्या आमच्या फाट्यावर भर रस्त्यात हात पसरून एक बाबा उभा. कानाला मफलर, हातात काठी. बस त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबली.

"मरायचंय का, बाबा?" ड्रायव्हर खेकसला.

"मी आमदार आहे!"

"मग मी कलेक्टर हाय. व्हा बाजूला!"

बाबानं मफलर सोडला. आमचे आमदार दगूअण्णाच ते! माझ्या टपरीवर उतू चाललेला चहासुद्धा भीतीनं खाली बसला.

झालं होतं असं, की म्हाताऱ्यांना तिकीट माफ झाल्यापासून ही बस त्यांना पाहिलं की वेग वाढवायची. जनाकाकू आपल्या नवऱ्याला, तात्यांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नाशिकला नेत. उपचार फुकट, प्रवास फुकट, बसच तेवढी थांबेना. रिक्षा करावी तर घरातला किराणा बंद. गेल्या खेपेला जाणं हुकलं आणि तात्यांचे पाय सुजून खांबासारखे झाले, श्वास पुरेना. काकू तडक अण्णांच्या बंगल्यावर गेल्या. "तिकीट माफ केलंत, आता गाडीत चढवायलाबी या!"

म्हणून ते आले.

हा माणूस म्हणजे काय सांगू! लासलगावच्या कांद्याच्या लिलावात "भाव द्या!" म्हणून ओरडला, तर विंचूरचा व्यापारी झोपेतून उठून बोली वाढवतो. त्याच संध्याकाळी नाशिकच्या भाजीबाजारात "कांदा स्वस्त करा!" म्हणून तोच ओरडतो, आणि दोन्हीकडे टाळ्या घेतो. कुठलंही उद्घाटन असो, फीत कापायच्या आधी एकच प्रश्न, "म्हातारीला कितीला पडलं?" म्हणजे गावातल्या गरीब म्हातारीच्या खिशाला किती चाट? एकदा वाइनच्या कारखान्यात साहेबांनी तासभर यंत्रं दाखवली. अण्णांनी तिथंही तेच विचारलं.

"अण्णा, म्हातारी वाइन पीत नाही."

"मग माझा तास कशाला प्यालात?"

विधानसभेत म्हणे चर्चा धरणाची असो की विमानतळाची, हे उठणार आणि आमच्या फाट्यावरची बस मांडणार. शेवटी सगळं सभागृह बसचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणू लागलं. खोटं वाटत असेल तर विचारून या.

तर त्या सकाळी अण्णांनी तात्यांना काखेत धरून बसमध्ये चढवलं, स्वतः शेजारी बसून नाशिकला नेलं. पुढचा महिनाभर दर खेपेला हेच. मग बस अशी वठणीवर आली, की स्टॉपवर माझी कोंबडी दिसली तरी ब्रेक लागायचा! तात्यांची सूज उतरली. काकू हसू लागल्या.

अण्णांचं येणं मात्र थांबलं नाही. बंगल्यावर दिवसभर माणसांची रीघ; प्रत्येकाच्या हातात अर्ज, काम झालं की पाठ. वहिनी गेल्यापासून जेवायला ताट एकच. इथं ते गाडी लांब उभी करून चालत येत आणि बाकड्यावर काकू-तात्यांच्या मधे जाऊन बसत. काकू त्यांना झापत, "ही कॉलर बघा, शोभतं का आमदाराला?" आणि फडक्यातली अर्धी भाकरी ठेच्यासकट त्यांच्या हातावर ठेवत. सभागृह हादरवणारा माणूस मान खाली घालून खायचा.

परवा काकूंनी विचारलंच, "अण्णा, गाडी थांबती की आता. तुमचं काय काम ऱ्हायलंय हितं?"

अण्णांनी घास गिळला.

"काही नाही."