साडूचे दुवे

थोरल्या जावयाने दुकानाचं शटर वर केलं, मोबाइल काढला आणि रोजच्यासारखं 'घड्याळ दुरुस्ती' शोधलं. सगळ्यांत वर साडूची साइट. स्वतःच्या दुकानाची साइट सापडेपर्यंत त्याला तिसऱ्या पानापर्यंत बोट झिजवावं लागलं.

दोघेही एकाच घड्याळजींचे जावई आणि त्यांचेच शिष्य. सासऱ्यांनी दोघांना चिमटा धरायला शिकवलं, मग एकेक मुलगी दिली. थोरल्याचा हात पक्का. धाकट्याचा यथातथाच, पण साइट चकचकीत. परवा जेवताना सासरे कौतुकाने म्हणाले होते, "धाकटे जावईबापू कुठेही शोधा, आधी तेच दिसतात हो!" तेव्हा थोरल्याच्या घशात अडकलेला घास अजून खाली उतरला नव्हता.

त्याची बायको सॉफ्टवेअर कंपनीत होती. संध्याकाळी त्याने विषय काढला.

"तो वर आणि मी खाली, हे कसं काय?"

"त्याच्या साइटचा दुवा देणाऱ्या साइट जास्त असतील. त्यांना बॅकलिंक म्हणतात. जितके जास्त दुवे, तितका माणूस वर."

"कोण देतंय ते कळतं?"

"कळतं की. एक सेवा आहे, एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामने परस्पर विचारलं की यादी पाठवते. पण माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यावर मी पाळत ठेवणार नाही."

मग तो घरात तोंड पाडून वावरू लागला. शेवटी वैतागून तिने एक छोटासा प्रोग्राम लिहून दिला.

"ही सेवा एका वेळी शंभरच दुवे देते. पुढचे हवे असतील तर दर वेळी पानाचा आकडा बदलायचा. कळलं?"

"केसाएवढी स्प्रिंग बदलतो मी. आकड्याचं काय घेऊन बसलीस!"

आकडा बदलायचा तो साफ विसरला. प्रोग्राम पुन्हा पुन्हा पहिलंच पान मागत राहिला, सेवा बिचारी निमूटपणे तेच शंभर दुवे पाठवत राहिली आणि थोरला डोळे फाडून बघत राहिला. हजार झाले. दहा हजार झाले. चाळीस हजारांवर त्याने घाम पुसून प्रोग्राम बंद केला.

"अख्खं जग त्याच्या मागे आहे आणि मला कुत्रं विचारत नाही!"

रागाच्या भरात त्याने ठरवलं, ज्यांनी साडूला दुवा दिलाय त्यांनी मलाही द्यायलाच हवा. यादीतल्या प्रत्येक साइटच्या नावाआधी 'इन्फो' लावून त्याने ईमेलचे पत्ते तयार केले आणि सगळ्यांना एकच पत्र धाडून दिलं. 'आपण माझ्या साडूंना दुवा दिलात. मी त्यांच्यापेक्षा थोरला आहे. तरी मलाही द्यावा.'

दुसऱ्या दिवशी यादीतल्या एका गायकवृंदाच्या चिटणीसबाईंचा फोन आला.

"अहो, कालपासून तुमचं तेच पत्र येतंय! आम्ही गाण्याची तालीम करायची की तुमची पत्रं खोडत बसायची?"

मागोमाग बुद्धिबळ मंडळ, वाचनालय आणि एक दातांचे डॉक्टर. बायकोने यादी उघडली आणि कपाळावर हात मारला.

"अरे, एकच पान आलंय पुन्हा पुन्हा! भाऊजींना दुवे देणारे जेमतेम शंभर-सव्वाशे असतील."

"फक्त शंभर-सव्वाशे?" थोरल्याचा चेहरा उजळला.

"आनंद कसला होतोय तुला? माफी माग सगळ्यांची!"

माफीची पत्रं कोणी उघडलीच नाहीत. गायकवृंदाने साइटवर सूचना टाकली: 'या घड्याळजींच्या पत्रांपासून सावध राहा.' माणूस नेमका कोण ते कळावं म्हणून खाली थोरल्याच्या साइटचा दुवा दिला. बुद्धिबळ मंडळाने तेच केलं. वाचनालयाने केलं, डॉक्टरांनी केलं आणि बघता बघता सगळ्यांनी केलं. दुवा रागाने दिलाय की लोभाने, हे शोधयंत्राला कुठलं कळायला? थोडे दिवस गेले आणि 'घड्याळ दुरुस्ती' शोधलं की थोरला सगळ्यांत वर दिसू लागला. हा वेडा आहे तरी कसा, हे बघायला लोक दुकानात येत आणि आलोच आहोत तर म्हणून बंद पडलेलं घड्याळही टाकून जात.

रविवारी धाकटा साडू घरी आला. डोळे सुजलेले, चहाला हात लावेना.

"दादा, झोप उडालीय माझी. एवढे दुवे तुम्हाला मिळाले कुठून? तेही माझ्याच लोकांचे! मी एपीआयमधून सगळी यादी मागवली तुमची."

"ती पानं उघडून वाचलीस?" थोरल्याने जपून विचारलं.

"वाचतोय कसला! यादी बघूनच ताप भरला."

साडूच्या तोंडावरचा तो जळफळाट थोरल्याला इतका गोड वाटला की खरं सांगायचा धीरच होईना.

"तुम्ही केलंत तरी काय, दादा?"

"विशेष काही नाही रे. प्रत्येकाला मनापासून पत्र लिहिलं."

"एकदाच?"

आतून बायकोचा आवाज आला, "चारशे-चारशे वेळा, भाऊजी!"

धाकट्याने खिशातलं पेन काढलं आणि अतिशय गंभीरपणे तो आकडा तळहातावर लिहून घेतला.