देवजीशेठच्या वायफायचं नाव

करावे गावात देवजीशेठनी आपल्या इमारतीत नवा वायफाय बसवून घेतला, तेव्हा नेटवर्कला काय नाव द्यायचं यावर चर्चाच झाली नाही. "इमारत माजी, नाव पन माजंच," शेठ म्हणाले, आणि त्यांच्या मुलाने, केतनने, ते इंग्रजीत टाकलं. पासवर्ड मात्र शेठनी केतनला तोंड फिरवायला लावून स्वतः एका बोटाने टाकला. घरातले फोनही त्यांनीच जोडून दिले. त्यांच्या पत्नीला, गोजराबाईंना, त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटलं ते मंगळवारी. वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरू राजश्री लॅपटॉप छातीशी धरून धावत खाली आली.

"काकू, माझं नेट गेलं! आत्ता नोकरीचा इंटरव्ह्यू आहे. तुमचं वापरू?"

"वापर ना, बाय. त्यात काय विचारतंस?"

"नाव काय त्याचं? इथं ढीगभर नावं दिसतायत."

गोजराबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय त्यांच्या जिभेवर आलं नव्हतं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून बोट ठेवायचीही सोय नव्हती.

"आमच्या ह्यांचं नाव हाय."

"पण त्यांचं नाव काय? आम्ही तर शेठच म्हणतो."

"तेच तर सांगता येत नाय!"

राजश्रीचे डोळे भरून आले. "किती अर्ज केले, काकू. पहिल्यांदाच कुणी बोलावलंय."

गोजराबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला आणि उघड्या दारातच नाव घेतलं,

"खाडीच्या पान्यात जिताड्याची स्वारी,
देवजीरावांच्या वायफायवर लागो राजश्रीची नोकरी!"

"सापडलं! आता पासवर्ड?"

तो कुणाला ठाऊक? गोजराबाईंनी शेठना फोन लावून स्पीकरवर ठेवला. शेठ जेट्टीवर मित्रमंडळीत बसले होते.

"घरी येऊन सांगतो," ते पुटपुटले.

"तवर पोरीची नोकरी जाईल. बोला!"

शेवटी शेठ ओरडले, "गोजरा!"

जन्मभर 'अगं' आणि 'केतनची आई' ऐकलेल्या बाई दचकल्या. "हां, बोला ना."

"आगं, तोच पासवर्ड! दोनदा टाक. एकदा टाकला तर छोटा पडतो."

जेट्टीवर हशा पिकला. इकडे राजश्रीचा इंटरव्ह्यू सुरू झाला.

शुक्रवारी ती पेढे घेऊन आली आणि पाया पडली. "काकू, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार तर तुजेच, बाय," गोजराबाई म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं.

पण स्पीकरवरचा पासवर्ड सगळ्या जिन्याने ऐकला होता. घराघरांतले फोन शेठच्या नेटला चिकटले आणि नेट गोगलगायीसारखं चालू लागलं. केतन वैतागला. "पप्पा, पासवर्ड बदला आता!"

शेठनी हळूच बायकोकडे पाहिलं. त्या पदराने वायफायच्या डब्यावरची धूळ पुसत होत्या.

"खबरदार बदललात तर," गोजराबाई म्हणाल्या. "तुमाला माजं नाव घ्यायला उभा जन्म लागला. नेटला जरा वेळ लागला तर काय बिघडतंय?"