दिगंबरमामांची वाफ

दिगंबरमामा बेशुद्ध माणसाला प्रश्न विचारायचे, हे एक वेळ चाललं असतं. पण ते उत्तरासाठी थांबायचे आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवायचे. कधी कधी तर गालातल्या गालात हसायचेसुद्धा. हिंगोलीच्या त्या आयसीयूत मी नवी सिस्टर म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी, भरदुपारी, मला घाम फुटला.

मामा आमचे वॉर्डबॉय. बॉयचं वय साठीकडे झुकलेलं, गाव आखाडा बाळापूर. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला श्वासातून औषध द्यायचं असलं की आम्ही नळीला जोडलेल्या कपात औषध घालतो, ते धुक्यासारखं होऊन छातीत उतरतं. सगळे त्याला वाफच म्हणतात. ती संपेपर्यंत कप सरळ धरायचा, मधूनमधून टिचकी मारायची, हे काम मामांनी आपणहून अंगावर घेतलेलं. आधी ते चादर नीट करणार, मग ओळख करून देणार. "मी दिगंबर, बाळापूरचा. वाफ देऊन राहिलो. चालंल ना?" मग थांबणार. पडद्याआड नुसता मशीनचा श्वास. थोड्या वेळानं मामा म्हणणार, "बराबर." तो 'बराबर' ऐकला की माझ्या अंगावर काटा यायचा.

डॉक्टरांनी एकदा वैतागून विचारलं, तर मामांनी त्यांनाच समजावलं की कुणाच्या घरात शिरतानाही माणूस आवाज देतो, इथं तर छातीत शिरायचंय. डॉक्टर पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

बरं, एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले. पेशंट काय म्हणाला ते आम्हाला येऊन सांगायचे. तीन नंबरच्या पायाला गार लागतंय. एक नंबरला मेव्हणा भेटायला आलेला आवडला नाही. आम्ही हसायचो. पण बघायला जावं तर तीन नंबरची चादर खरंच सरकलेली असायची, आणि मेव्हणा आला की एक नंबरची नाडी खरंच पळायची. योगायोग, असं मी स्वतःला बजावायचे आणि मामांच्या बाजूनं जाताना पावलं जरा भरभर टाकायचे.

मग कुरुंद्याच्या कौसल्याबाई आल्या. हळद पॉलिश करताना उडालेल्या धुळीनं त्यांचा दमा असा उसळला की थेट व्हेंटिलेटरच लावावा लागला. दोन दिवस वेळच्या वेळी वाफ चालू होती, पण छाती काही मोकळी होईना. डॉक्टरांनी त्यांना नांदेडला हलवायचं ठरवलं. वाटेतच काहीही होऊ शकतं, हेही लेकाला सांगितलं. त्यानं सही करून कागद माझ्या हातात दिला.

गाडी येईपर्यंत मी आणखी एक वाफ लावली. मामा खाटेशी वाकले, नेहमीसारखे थांबले. या वेळी मान हलली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिस्टर, बाई म्हणून राहिल्या, वाफ माझ्यापर्यंत येऊनच न्हाई राहिली."

मी नळी चाचपत गेले. पेशंटच्या तोंडाजवळ नळीत एक लहानसा फिल्टर असतो, श्वासातला ओलावा धरून ठेवणारा. वाफेआधी तो काढायचा, नाहीतर औषध त्यातच जिरतं. बाई आल्या त्या दिवशी तिथला जोड सारखा निसटत होता, म्हणून घाईत मीच तो फिल्टरसकट टेपनं गुंडाळला होता आणि मग विसरले होते. पुढच्या प्रत्येक पाळीनं वरचा टेप बघितला आणि फिल्टर काढलाच असेल असं गृहीत धरलं. दोन दिवसांचं औषध त्या फिल्टरनं पिऊन टाकलं होतं.

मी टेप कापला, फिल्टर काढला आणि डॉक्टरांना खरं ते सांगितलं. बोलणी खाल्ली, ती खायलाच हवी होती. गाडी दाराशी थांबवून नव्यानं वाफ दिली. संध्याकाळच्या आत बाईंची छाती मोकळी व्हायला लागली आणि गाडी रिकामी परत गेली.

दुसऱ्या दिवशी मामा डबा खात बसले होते. मी समोर जाऊन बसले. टेपखालचा फिल्टर तुम्हाला दिसला होता, माझी चूक तुमच्या तोंडून निघायला नको म्हणून तुम्ही ती बाईंच्या तोंडी घातलीत, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी 'व्हय' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

"मला काय कळतंय सिस्टर, त्या फिल्टरातलं."

हातातला भाकरीचा तुकडा त्यांनी डब्यात परत ठेवला. मग म्हणाले, त्यांची बायकोही अशीच नळीवर होती, दुसऱ्या एका दवाखान्यात, नऊ दिवस. आत सोडत नव्हते. ती बेशुद्ध आहे, तिला काय कळतंय, असं सगळे म्हणाले, आणि त्यांनाही ते पटलं. ते बाहेर बाकड्यावर बसून राहिले.

"तिनंबी काहीतरी सांगितलं असंल," मामा म्हणाले. "ऐकायला मी न्हवतो तिथं."