बिनआवाजाचा टोस्टर

चुकीची वस्तू माझ्या हातून घरात येणं शक्यच नाही! ऑफिसात माझं कामच ते. तीन दुकानांकडून माहिती मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा आणि मगच खरेदी. त्यामुळे टोस्टर घ्यायचं ठरलं तेव्हा बायकोला म्हटलं, तू यात पडू नकोस.

जुना टोस्टर काम चोख करायचा, पण ब्रेड वर फेकताना असा दणका द्यायचा की रोज सकाळी माझा चहा शर्टावर. मग तुम्ही जरा लांब बसा, असं बायकोचं मत. मी ते कानाआड केलं. बारा रकान्यांचा तक्ता केला, फटींची रुंदी फूटपट्टीने मोजली, दुकानदाराला घाम फोडला आणि अजिबात आवाज न करणारा टोस्टर आणला. ब्रेड भाजला की हळूच वर येतो आणि एक बारीक हिरवा दिवा लागतो. जुना माळ्यावर गेला.

बाबांची नजर अलीकडे फार अधू झाली आहे. तरी सकाळचे दोन टोस्ट ते स्वतःच करून घेतात. कुणाला हाक न मारता होणारं त्यांचं दिवसभरातलं तेवढंच एक काम. पण नवा टोस्टर येऊन दोन दिवस झाले आणि ते म्हणायला लागले, "भूक नाही रे."

आठवडा गेला तसं माझं धाबं दणाणलं. या वयात अन्नावरची वासना उडाली म्हणजे काय! डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, पोट तपासलं, सगळं ठणठणीत. शेवटी डॉक्टरांनी बाबांनाच विचारलं. ते आम्हाला कुणाला सुचलंच नव्हतं.

"भूक सपाटून लागते हो," बाबा म्हणाले. "पण ब्रेड झाला कधी तेच कळत नाही. पहिल्या दिवशी वाट बघत बसलो, तर गार दगड झाला. दुसऱ्या दिवशी लवकर हात लावला, तर चटका बसला."

"बाबा, मग मला सांगायचं ना!"

"तू एवढा मन लावून आणलास. आणि रोज कुणाला विचारत बसू, झाला का म्हणून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आलो आणि मुकाट्याने माळ्यावर चढलो. खाली बायको स्टूल धरून उभी होती. तिने माझ्या बारा रकान्यांची आठवण काढली नाही, हे तिचे उपकारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात दणका झाला. पाठोपाठ बाबा चवीने खात असल्याचा कुरुमकुरुम आवाज आला. थोड्या वेळाने त्यांनी तिथूनच विचारलं, "चहा सांडला का रे?"

"छे हो," म्हटलं आणि गुपचूप शर्ट बदलायला उठलो.