मॅटीवरचा मोर आणि झुंबररावांची मोहीम

रविवारी दुपारी उसाला पाणी सोडायचं टाकून झुंबरराव टीव्हीसमोर बसले, तिथूनच सगळं बिघडलं. हिंदीत बोलणारा विलायती लढाईचा पिक्चर लागला होता. शत्रूनं देशोदेशींची चित्रं पळवून दडवली होती आणि मूठभर सैनिक जिवावर उदार होऊन ती सोडवून आणत होते. शेवटी फळकुटाच्या पेटीतून एक चित्र बाहेर निघालं, तसे झुंबररावांचे डोळे भरून आले. (मळणीयंत्राच्या धुळीनंही ते भरत, पण हे वेगळं होतं.)

"परक्या चित्रासाठी मानसं जीव देत्यात," मागून सिंधुबाई म्हणाल्या, "आन आमच्या घरात..."

झुंबररावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. पुढचं वाक्य त्यांना अकरा वर्षांपासून पाठ होतं.

लग्नाआधी सिंधुबाईंनी रुखवतात मांडायला मॅटीच्या जाळीदार कापडावर लोकरीचा मोर विणला होता. अकरा वर्षांपूर्वी झुंबररावांच्या बहिणीनं, पळसदेवच्या अनितानं, लेकीच्या, सोनमच्या, रुखवतात मांडायला तो नेला. तो काही परत आला नाही. आता नणंदेकडे रुखवताची वस्तू मागायची कशी? मागणारीच हलकी ठरते. म्हणून ते सगळं मागणं झुंबररावांच्या कानात साठत गेलं. त्यातून मोराच्या रिकाम्या जागी त्यांनी स्वतःचं 'आदर्श ऊस उत्पादक' हे गावच्या मंडळानं दिलेलं फोटोचं मानपत्र काच लावून टांगलं होतं. त्यानं राग शांत होईल असं त्यांना का वाटलं, कोण जाणे.

आणि आता अनिताच्या मुलाचं, युवराजचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं.

"मोर घरी आला तर मामी मांडवात येईल," सिंधुबाईंनी सांगून टाकलं. "न्हायतर मामानं एकट्यानंच मिरवावं."

मामीशिवाय मामा मांडवात दिसला, तर अख्खा इंदापूर तालुका कारण विचारणार. झुंबररावांनी टीव्ही बंद केला, मित्राला फोन लावला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सोपान, उद्या पळसदेव. चित्र सोडवायचंय."

"कोर्टातनं?" सोपाननं विचारलं.

दुसऱ्या दिवशी अनिता चहा ठेवायला आत गेली आणि झुंबरराव खुर्चीवर चढले. मोर भिंतीवरच होता. पाठीला प्लायवूड, पुढं निळा-हिरवा पिसारा, खाली 'सुस्वागतम'. सोपान दारात उभा राहून पाळत ठेवत होता. (पाळत म्हणजे तो अनिताच्या म्हशीकडे बघत होता.) क्षणात मोर सदऱ्याच्या आत, पाठीवर गेला आणि झुंबरराव खुर्चीवर ताठ बसले. त्यांना खूप शूर वाटत होतं आणि खूप टोचतही होतं.

"दादा, असा का बसलायस?" अनिता कप घेऊन आली.

"चमक भरलीय गं पाठीत."

"आरं देवा! पालथा झोप हितं. तेल लावते."

"नको नको!"

"नको कसं? धाकटी भन हाय का कोन हाय? सोपानदादा, धरा त्यांचं पाय!"

सोपाननं, सांगितलं की करायचं या सवयीनं, पाय धरलेही. झुंबररावांनी ते सोडवून घेतले आणि चहा तसाच टाकून पळ काढला. पाठीत चमक भरलेला माणूस इतक्या जोरात पळताना पळसदेवात याआधी कुणी पाहिला नसेल.

घरी येऊन त्यांनी मोर सिंधुबाईंच्या पुढ्यात धरला. छाती आपोआप पुढं आली.

सिंधुबाईंनी मोराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "ह्यो माझा न्हाय."

"म्हंजे?"

"माझ्या मोराची मान उजवीकडं व्हती. ह्याची डावीकडं हाय." त्यांनी प्लाय उलटा केला. मागं शाळेच्या बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: कु. अनिता, आठवी ब, दहापैकी आठ.

झुंबररावांनी ते दोनदा वाचलं. त्या काळात तालुक्यातल्या प्रत्येक पोरीनं लग्नाआधी मॅटीवर मोर विणलाच होता, हे त्यांच्या मोहिमेच्या आखणीत राहूनच गेलं होतं.

तेवढ्यात दारात एसटीतून उतरलेली अनिता उभी. हातात तेलाची बाटली. भावाच्या पाठीच्या काळजीनं तिला राहवेना. तिची नजर मोरावर गेली.

"ह्यो माझा मोर हितं कसा?"

झुंबरराव छताकडे बघू लागले. मग सिंधुबाईंनीच अकरा वर्षांचं गाठोडं सोडलं.

"वहिनी!" अनिताचा आवाज रडवेला झाला. "तुमचा मोर तर सोनमच्या लग्नानंतर आठव्या दिवशीच आणला. तुमी माहेरी गेला व्हता. कागदात गुंडाळून दादाच्या हातात दिला की इहिरीवर!"

दोघींनी एकदमच झुंबररावांकडे पाहिलं.

त्यांना विहीर आठवली. तो पावसाळा आठवला. मोटारीच्या स्टार्टरच्या लाकडी पेटीचं झाकण निघालं होतं आणि हातात नेमकं त्याच मापाचं प्लाय होतं...

तिघं विहिरीवर गेली. पकडीनं खिळे उपटले. प्लायची बाहेरची बाजू उन्हानं काळी पडली होती. आतला कागद सोलला, तर मोर कालच विणल्यासारखा ताजा. मान उजवीकडं. अकरा वर्षं झुंबरराव रोज त्याच्या पाठीसमोर उभं राहून पेटीच्या कडेचं बटण दाबत होते.

सिंधुबाई हसायला लागल्या. अनिताही हसली, मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून डोळे पुसत हसल्या. झुंबररावांचा जीव भांड्यात पडला. मामी मांडवात येणार होती. पिक्चरमधल्या सैनिकांनाही इतका आनंद झाला नसेल.

घरी सिंधुबाईंनी मानपत्र काढून तिथं मोर लावला. ते मानपत्र चार खिळ्यांसह नवऱ्याच्या हातात दिलं.

"पेटी उघडी पडलीय. हे लावून या."

"आगं, काच हाय ह्याला!"

"बरं झालं की. पानी आत जायचं न्हाय."

झुंबररावांनी काचेआडच्या आपल्या फेट्यातल्या फोटोकडे पाहिलं. "निदान तोंड बाहेरच्या बाजूला करू का?"

"आतच करा," सिंधुबाई म्हणाल्या. "वाटंनं म्हशी जात्यात."