डॉक्टर शीड चढवतात

बायकोने साठाव्या वाढदिवसाची भेट म्हणून तळ्यावरची छोटी शिडाची बोट दिवसभरासाठी ठरवली, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की आता पळायला जागा उरलेली नाही.

डॉक्टर दातांचे. तीस वर्षं ते तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसांशी बोलत आले होते, त्यामुळे समोरून कोणी आपलं म्हणणं खोडून काढील ही शक्यता त्यांनी कधी धरलीच नव्हती. रुग्णाचं लक्ष सुईवरून उडावं म्हणून ते कॉलेजातल्या शिडाच्या बोटीच्या गोष्टी सांगत. वादळ, कलंडलेली बोट, दातांत धरलेली दोरी. बायको शेजारी उभी राहून हत्यारं हातात देई, त्यामुळे तिने या गोष्टी हजारदा ऐकल्या होत्या. खरं एवढंच होतं की कॉलेजातले मित्र बोटीतून जात आणि डॉक्टर काठावर बसून त्यांच्या चपला आणि घड्याळं सांभाळत.

सकाळी नऊ वाजता बोट चाकांच्या गाड्यावर, काठाच्या उतारावर उभी होती. डोलकाठी बसवलेली होती. बाकी सगळं, म्हणजे शीड, दोऱ्या, सुकाणू आणि एक रबरी बूच, बोटीत पडलेलं होतं. मेव्हणी फोन उघडून चित्रीकरणाला सज्ज होती. क्लबात नवशिक्यांना शिकवणारा नावाडी जवळच उभा होता.

"मी मदत करू का, डॉक्टरसाहेब?" त्याने विचारलं.

"नको. हाताला सवय असते," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सर्वांत आधी बोट फिरवून तिची पाठ वाऱ्याकडे केली.

"अहो, तोंड वाऱ्याकडे नको का?" बायको म्हणाली.

"अगं, वारा पाठीशी असलेला बरा. तोंडावर कशाला?"

हे इतकं समंजस वाटलं की बायकोने मान डोलावली. मग डॉक्टरांनी शीड वर ओढायची दोरी नीट चालते का, हे पाहायला ती खेचली. दोरी फारच नीट चालली. तिचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं. ते सरसर वर गेलं आणि काठीच्या माथ्यावर जाऊन बसलं.

सगळ्यांनी वर पाहिलं.

"भाऊजी, हे असंच असतं?" मेव्हणीने फोन वर धरत विचारलं.

"आधी वरची कप्पी तपासायची असते. आता बोट आडवी करायची."

बोट आडवी करायला चौघं लागली. त्यात मेव्हणीचा नवा कुर्ता चिखलाने भरला आणि डॉक्टरांचा चष्मा दोनदा पडला. टोक हाती आलं, बोट पुन्हा गाड्यावर उभी राहिली. शिडाला कोपरे तीन. डॉक्टरांनी त्यातला सर्वांत भक्कम दिसणारा निवडून त्याला दोरी बांधली आणि शीड चढवलं. रुंद बाजू वर गेली, निमुळती खाली आली. दोरीवर उलटी वाळत घातलेली विजार दिसते, तसं काहीसं ते दिसत होतं. मागच्या वाऱ्याने ते फुगलं आणि गाडा बोटीसकट पाण्याकडे निघाला. नावाड्याने चाकाखाली दगड सारला.

"ताई, हे उलटं नाही का वाटत?"

"तुला काय कळतंय? जुनी पद्धत असेल," बायको म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता. तिने बोटीतलं बूच उचललं. "अहो, हे मागच्या भोकात लावायचं ना?"

डॉक्टरांनी भोकाकडे पाहिलं. बोटीच्या बुडाला भोक कशाला असावं, याचा त्यांनी दवाखान्यातल्यासारखा शांतपणे विचार केला.

"ते उघडंच ठेवतात. आत आलेलं पाणी बाहेर जायला."

बायको हळूच खाली बसली. मग नावाड्याकडे वळली.

"तुम्ही मला सगळंच चुकीचं शिकवलंत."

डॉक्टरांना काही कळेना. तेव्हा तिने सांगितलं. गेले तीन महिने दर गुरुवारी ती मैत्रिणीकडे नव्हे, इथे येत होती. "तुम्ही एवढे पट्टीचे. तुमच्यासमोर अडाणी दिसायला नको, म्हणून शिकले. आणि हा माणूस म्हणतो तोंड वाऱ्याकडे, बूच आधी, दोरीला गाठ आधी. तुम्ही करताय त्याच्या अगदी उलट."

ती काठावरच्या कचेरीत गेली आणि दोरीला टांगलेली अभिप्रायाची वही घेऊन आली. दवाखान्यात रुग्णांची नावं लिहीत असे तसल्याच सुवाच्य अक्षरात तिने लिहायला घेतलं: शिकवणाऱ्याला मूलभूत गोष्टी येत नाहीत.

"बाई, वहीत असं आलं की माझा वर्ग दुसऱ्याकडे जातो," नावाडी म्हणाला. "अकरा वर्षं शिकवतोय मी." मग डॉक्टरांकडे न बघता त्याने पुढे जोडलं, "पण डॉक्टरसाहेब म्हणत असतील, तर माझंच चुकत असेल."

डॉक्टरांचे कान तापले. आजवर आपल्या थापांनी कोणाला इजा झालेली नाही, उलट दुखणं कमीच झालंय, असा त्यांचा हिशेब होता. समोर एक माणूस ओले हात विजारीला पुसत उभा होता.

"थांब, लिहू नकोस," ते म्हणाले. "त्याचंच बरोबर आहे. मी आयुष्यात कधी शीड चढवलेलं नाही. मी काठावर बसून चपला सांभाळायचो. वादळ, दोरी, सगळ्या थापा."

मेव्हणीने फोन खाली घेतला. बायकोचे डोळे भरून आले.

"बघितलंस?" ती बहिणीला म्हणाली. "गरिबाच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून माणूस स्वतःला खोटं पाडतोय."

"अगं, खरंच सांगतोय."

"कळलं हो. नाही लिहीत." तिने पान फाडलं. "पण मग मला त्याच्याच पद्धतीने चालवू द्या."

"चालव," डॉक्टर पुटपुटले.

बायकोने बोट वाऱ्याकडे फिरवली, बूच घट्ट बसवलं, शीड उतरवून सरळ केलं, दोरीला गाठ मारली. दहा मिनिटं लागली. नावाडी डॉक्टरांशेजारी उभा राहून पाहत होता.

"मला वाचवलंत, साहेब," तो हळू आवाजात म्हणाला. "पण बाईंना पटवणं माझ्या हातात नाही."

"मला शिकवाल?"

"गुरुवार सोडून कधीही या."

बोट छान चालली. डॉक्टर दोन्ही हातांनी कड धरून पुढे बसून राहिले. तासाभरात ते एक शब्द बोलले नाहीत. काठाला लागल्यावर बायको बहिणीला कौतुकाने सांगत होती की, शिकवावं तर असं, एकदासुद्धा मध्ये तोंड घातलं नाही.

घरी जाताना तिने विचारलं, "आता खरं सांगा. माझं कुठे चुकलं?"

डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. "मला त्यातलं काहीही कळत नाही."

"इश्श," बायको म्हणाली आणि लाजून खिडकीबाहेर पाहू लागली. "इतकंही काही चांगलं नव्हतं झालं."