प्रेरणाच्या लग्नातली पिशवी आणि जुळा भाऊ

खुनी ओळखायला मला दहा मिनिटं लागतात. अकरावं मिनिट लागलं तर समजायचं, लिहिणाऱ्यानं लबाडी केली!

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीतली पुस्तकं वाचून स्वतःच शिकले. पण रोज संध्याकाळी सातला टीव्हीवर जी गुन्ह्यांची मालिका लागते, ती लिहिणारा चौथीपर्यंतही पोचला नसावा. कथा कुठं अडली की पिशव्या बदलतात. दोन एकसारख्या पिशव्या, एकीत हिरे, दुसरीत कांदे! तोंडाला रुमाल बांधला की सख्खी बायको नवऱ्याला ओळखत नाही. अरे, बायको नवऱ्याला पाठीवरून ओळखते, खोकल्यावरून ओळखते! आणि काहीच सुचलं नाही की शेवटच्या पाच मिनिटांत खुन्याचा जुळा भाऊ. माझ्या डोक्याचा नुसता तवा होतो. वाहिनीला अकरा पत्रं लिहिली मी. एकाचं उत्तर येईल तर शपथ!

त्या जुळ्या भावानंच आमच्या घरात फूट पाडली. गेल्या वैशाखात नणंदेच्या प्रेरणाचं लग्न होतं. हळदीच्या मांडवात मी बायकांना छातीठोक सांगत होते, "खुनी तो आंधळा मुनीम. लिहून घ्या!" माझी धाकटी जाऊ शालू मोबाइलवर पुढचा भाग बघून आलेली. म्हणाली, "नाय हो अक्का, मुनिमाचा जुळा भाऊ निघाला. लई भारी दाखवलंय!"

"ते लिहिणाऱ्याला अक्कल नाही, अन् बघून माना डोलवणाऱ्याला तर त्याहून नाही!"

माझ्या हातात उखाण्याचा माईक होता, हे बोलून झाल्यावर ध्यानात आलं.

शालू छावणीत राहते, आम्ही उस्मानपुऱ्यात. सात महिने तिनं आमचा उंबरा ओलांडला नाही आणि मी फोन केला नाही.

मग चंपाषष्ठी आली. आमच्याकडं खंडोबाचा चांदीचा टाक आहे. दोन बोटांएवढा देव, पण माझ्या आजेसासऱ्यांनी तो मेंढरांमागं हिंडताना पागोट्यात सांभाळलेला. त्याचा कोपरा निघाला म्हणून सोनाराकडं दिला होता. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पुतळाबाई, तो कुणाच्या हाताला लागू देत नाहीत. यंदा मात्र म्हणाल्या, "मनकर्णे, तूच आण जा. सांजच्याला तळी उचलायची. देवच घरात नसला तर कुणापुढं उचलायची?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा! मला तर चालताना पाय जमिनीला लागेनात.

सराफ्यातून टाक घेतला, डब्यात ठेवला, डबा पिशवीत. शेअर रिक्षात बसले. धूळ म्हणून तोंडाला स्कार्फ. शेजारीणही तशीच, नुसते डोळे उघडे. रिक्षावाल्यानं गाणी अशी लावलेली की बोलायचं तर ओरडावंच लागे. वाटेत त्या मालिकेचा भला मोठा फलक दिसला आणि माझ्या तोंडून निघालंच, "जुळा भाऊ म्हणे!"

शेजारीण माझ्या कानात ओरडली, "का हो काकू? लोकाला जुळं व्हत नाय का?"

काकू! मला!

"होतं ना! पण पाळण्यात होतं. शेवटच्या पाच मिनिटांत होत नाही!"

"मग बघू नका!"

"मी राग यायलाच बघते!"

"आला ना मग? झालं की काम!"

असल्या बाईशेजारी घरापर्यंत बसणं शक्य नव्हतं. क्रांती चौकातच उतरले, पिशवी उचलली आणि पाय आपटत घरी आले.

पिशवी उघडली. आत चार वांगी आणि फडक्यात बांधलेली अर्धी भाकर.

पिशवी प्रेरणाच्या लग्नात पाहुण्यांना वाटलेली, 'सत्यम – प्रेरणा' छापलेली. माझी पिशवीही तसलीच. पाचशे वाटल्या होत्या! आमचे हे, खंडेराव, डोक्याला हात लावून बसले.

"पिशवी बदलली? हे तुझ्या मालिकेतलं झालं गं! आईला पटंल का?"

"पटेल कसं? मलाच पटत नाहीये!" मी ओरडले आणि रडायलाच लागले. देवानं तीन पिढ्या रानावनात काढल्या, मी तो वीस मिनिटांच्या रिक्षात हरवला!

आत्याबाई काठी टेकत आल्या. ऐकून घेतलं. भाकरीचं फडकं हातात घेऊन उलटं केलं, सुलटं केलं.

"ही गाठ बघ. लोकरीचं गठुडं बांधायची गाठ हाय. हळू वढली तर सुटती, हिसडा दिला तर आवळती. दोघी सुनांना शिकवली म्या. तू काय शिकली नाय."

"मग?"

"मग काय? शालू शिकली."

मी शालूला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त! सात वेळा व्यस्त! मालिकेत ऐनवेळी फोन लागत नाही तेव्हा मी वाहिनीच्या कुळाचा उद्धार करते. आता कुणाचा करू?

तेवढ्यात दार वाजलं. उघडलं तर स्कार्फ बांधलेली बाई, नुसते डोळे.

"कोण पाहिजे?" मी विचारलं.

"कोण नाय पायजे. देव आणलाय."

तिनं स्कार्फ सोडला. शालू!

"कवापासून फोन लावतेय, तुमचा आपला व्यस्त!" ती म्हणाली. मग खाली बघून, "डबा उघडला तर आपला खंडोबा. तवा समजलं, काकू कोण ते. चुकलं माझं, अक्का."

"माझं आधी चुकलं," मी म्हणाले. "आणि माईकवर चुकलं."

आत्याबाईंनी टाक कपाळाला लावला. "दोघींना सांगून सांगून म्या थकले. शेवटी देवच गेला छावणीला."

त्या सांजेला दोघी जावांनी तळीच्या ताटाला हात लावला. भंडाऱ्यानं घर पिवळं झालं. भरीत शालूच्याच वांग्यांचं!

सातला मालिका लागली. तोंडाला रुमाल बांधून नवरा घरी आला. बायकोनं विचारलं, "कोण पाहिजे?" मी तोंड उघडलं. सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी वाहिनीला बारावं पत्र लिहिलं: "पिशव्या, रुमाल आणि न लागणारा फोन याबाबतच्या माझ्या सर्व तक्रारी मागे घेत आहे. जुळ्या भावाची तक्रार मरेपर्यंत कायम."

टपालात टाकण्याआधी शालूला वाचायला दिलं. तिनं माझ्या सहीखाली पेननं लिहून ठेवलं: "जुळा भाऊ राहू द्या. लई भारी हाय."